गेन्शिनच्या संगीतावरून वाद होतात तेव्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही नागपूरचे दहा-बारा जण महिन्यातून एका रविवारी सकाळी कस्तुरचंद पार्कजवळ तर्री-पोहे खातो. मग कुणाच्या तरी घरी बसून ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ या ऑनलाइन गेमचं संगीत ऐकतो. थोडं खेळणंही होतं, पण बैठक असते ती ऐकण्याची. कॉलेजातली पोट्टी आहेत, दोन शिक्षक आहेत, आणि मी आहे. मी बँकेत नोकरी करते आणि लहानपणी गाण्याच्या मध्यमा परीक्षेपर्यंत शिकलेय. नवीन आलेला माणूस पहिल्याच दिवशी आमचं भांडण बघतो आणि मग बाजूला घेऊन मला तेच ते प्रश्न विचारतो. ते इथे एकत्र लिहिलेत. उत्तरं माझी आहेत, ती सगळ्यांना पटतातच असं नाही.

भांडण नेमकं कशावरून होतं?

गेमच्या जगात मॉन्डस्टाट, लियुए, सुमेरू, फॉन्टेन, नाटलान असे प्रदेश आहेत आणि प्रत्येकाचं संगीत वेगळं. बहुतेक वेळा भांडणारे दोघं दोन वेगळ्या गोष्टींवर बोलत असतात. एक म्हणतो, "फॉन्टेनचं संगीत मला लागलं नाही." दुसऱ्याला ऐकू येतं, "तू रोज रात्री जे ऐकत झोपतोस ते टुकार आहे." मग तो संगीत सोडतो आणि स्वतःला वाचवायला लागतो. हा गेम २८ सप्टेंबर २०२० ला आला, म्हणजे ऐन कोरोनात. आमच्यातल्या कित्येकांनी मॉन्डस्टाटच्या गवताळ टेकड्यांवरची ती धून घरात कोंडलेल्या दिवसांत ऐकली. एकाचे आजोबा त्याच काळात गेले. त्या धुनेला कुणी "लिफ्टमधलं म्युझिक" म्हटलं की त्याचा चेहरा उतरतो. चालीबरोबर माणसाचं काय काय जोडलेलं असतं, हे समोरच्याला ठाऊक नसतं. म्हणून आमच्याकडे पहिला प्रश्न असा असतो, की तू ही धून कुठे, कधी ऐकलीस ते आधी सांग.

सुमेरूचं संगीत ‘आपलं’ आहे का?

हा वाद सगळ्यात जुना आणि सगळ्यात जोराचा. २४ ऑगस्ट २०२२ ला गेममध्ये सुमेरू हा प्रदेश आला. त्या जंगलात पाय ठेवला आणि बासरी ऐकू आली, सतार ऐकू आली. अल्बमच्या नावातच ‘ज्ञान’ आणि ‘विद्या’ हे दोन शब्द तसेच्या तसे. आमच्यातला एक तर त्या रात्री अकरा वाजता फोन करून म्हणाला, "ताई, कानात हेडफोन घाल, आपलं वाजून राहिलं!" त्याच्या आवाजातला तो आनंद मी विसरले नाही. इतकी वर्षं आपण दुसऱ्यांच्या किल्ल्यांत, दुसऱ्यांच्या बर्फात खेळत आलो, आणि आता घरातलं वाद्य समोर आलं.

पण ‘आपलंच’ म्हणणं बरोबर नाही. सुमेरूच्या विद्यापीठात सहा शाखा आहेत आणि शाखेला शब्द आहे ‘दर्शन’. सहा दर्शनं म्हटल्यावर आपल्याला सांख्य, योग, न्याय आठवणारच. मात्र त्या शाखांची नावं बघा : हारावतात, वाहुमाना, क्षह्रेवार, स्पांतामाद. ही सगळी पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातल्या अमेशा स्पेंतांवरून, म्हणजे दैवी शक्तींवरून घेतलेली आहेत. पुढच्या वाळवंटात गेलं की इजिप्त आणि अरबस्तान लागतं. लहान मुलांसारखे अरनारा नावाचे छोटे जीव जंगलात राहतात आणि त्यांच्या कथामालिकेचं नाव थेट ‘आरण्यक’ आहे. म्हणजे एका शांघायच्या कंपनीने भारत, इराण, अरबस्तान, इजिप्त एका ताटात वाढले आहेत. संगीतही तसंच आहे. बासरीच्या खाली पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या तारा वाजतात. ज्यांना ते मिश्रण गोड लागतं ते चुकत नाहीत, आणि ज्यांना "सगळं पूर्वेकडचं एकाच पोत्यात भरलं" असं वाटतं तेही चुकत नाहीत. मला दोन्ही वाटतं, आणि कुठलं किती हे कोणता तुकडा वाजतोय त्यावर ठरतं.

एक प्रसंग सांगते. सुमेरूच्या जुन्या देवतेचं नाव रुक्खदेवता. आम्ही सगळे ते कुठल्या तरी परक्या भाषेतलं समजून तोंड वेडंवाकडं करत उच्चारत होतो. नागपुरातल्याच इंदोरा भागातून येणारी एक मुलगी तोवर गप्पच असायची. ती म्हणाली, "हे पाली आहे. रुक्ख म्हणजे वृक्ष. रुक्खमूल, झाडाच्या बुंध्याशी. आमच्या विहारात लहानपणापासून ऐकलंय." ज्या शहरात दीक्षाभूमी आहे त्या शहरात बसून आम्ही सगळ्यांनी संस्कृत ‘ज्ञान-विद्या’ लगेच ओळखलं होतं आणि पाली शब्द परका समजलो होतो. त्या दिवसानंतर ‘आपलं’ हा शब्द बैठकीत जपून वापरला जातो.

त्यात राग आहे का? मला स्पष्ट भूप ऐकू आला.

सूर भूपाचे असतील, पण तेवढ्यावर भूप होत नाही.

गंमत म्हणजे भूप ऐकू येतो तो बरेचदा सुमेरूत नाही, लियुएत येतो. लियुए हा चीनवर बेतलेला प्रदेश आणि त्याचं संगीत शांघाय सिम्फनी ऑर्केस्ट्राने वाजवलेलं आहे. चिनी संगीतात जी पाच सुरांची मुख्य रचना आहे, तिचे सूर म्हणजे सा रे ग प ध, अगदी आपल्या भूपाचेच. पण हेच पाच सूर देशकारचेही आहेत! भूपात गंधार वादी, म्हणजे मुख्य सूर, देशकारात धैवत. भूप संध्याकाळ उलटल्यावरचा, देशकार सकाळचा. चलन, म्हणजे सुरांतून फिरण्याची रीत, बदललं की त्याच पाच सुरांतून दुसरा राग उभा राहतो. मग लियुएतल्या चालीला नुसत्या सुरांवरून भूप कसं म्हणायचं? तिचं चलन तिचं आहे, आणि ती हजारो वर्षांच्या दुसऱ्या परंपरेतून आलेली आहे.

दुसरी गोष्ट आधाराची. राग एका ‘सा’वर उभा असतो. तानपुरा तो ‘सा’ हलू देत नाही. वाद्यवृंदाच्या संगीतात खालचा आधार सारखा सरकतो, आणि वर तोच गंधार असला तरी त्याचा अर्थ बदलत राहतो. ही उणीव नाही, ती वेगळी रीत आहे. म्हणून "यमन बिघडवला" ही तक्रार मला पटत नाही. यमन मांडायला कुणी बसलंच नव्हतं. पण "बासरी घेतली आणि तिला मींडच, म्हणजे सुरावरून सुरावर घसरणंच, घेऊ दिली नाही, नुसते सुटे सूर वाजवून घेतले" ही तक्रार एखाद्या तुकड्याबद्दल खरी असू शकते. ती करणाऱ्याने कान देऊन ऐकलंय, हे त्या वाक्यातच कळतं.

मॉन्डस्टाटसारख्या ठिकाणी दिवसाची धून वेगळी आणि रात्रीची वेगळी वाजते. आमच्याकडच्या एका शिक्षकांच्या वडिलांना हे दाखवलं, तर ते एवढंच म्हणाले, "बरोबर आहे. रात्री दिवसाचं कशाला वाजवायचं?"

गेममधल्या लायरवर राग वाजवता येतो का? यावरूनही भांडण होतं म्हणे.

होतं. आणि हे भांडण मला मनापासून आवडतं, कारण त्यातून सगळे शिकतात.

विंडसाँग लायर हे वाद्य मार्च २०२१ मध्ये १.४ या आवृत्तीबरोबर आलं. त्यावर २१ कळा आहेत, सात-सातच्या तीन ओळी. मंद्र, मध्य, तार असे तीन सप्तकच समजा. सगळे सूर शुद्ध. कोमल नाही, तीव्र नाही. थाट म्हणजे रागांसाठीचा सात सुरांचा साचा, असे दहा आहेत. सगळे सूर शुद्ध असलेला तो बिलावल. म्हणून कुणीतरी ठासून सांगतं की यावर फक्त बिलावल थाट निघतो.

नागपूरच्या महाल भागातला एक अकरावीतला मुलगा हे ऐकत बसला होता. त्याने फोन मांडीवर घेतला, ‘म’ची कळ दाबली आणि म्हणाला, "हा माझा सा." मग ‘ग प ध’ या कळा वाजवल्या आणि खोलीत ‘नि रे ग’ उमटलं, यमनचं. ‘म’ला सा धरला की ‘नि’ची कळ तीव्र मध्यम होते. आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणतात. त्याला तो शब्द माहीत नव्हता, त्याने ते बोटांनी शोधून काढलं होतं. ‘रे’ला सा धरा, काफी मिळतो. ‘ग’ला धरा, भैरवी. ‘प’वरून खमाज, ‘ध’वरून आसावरी. ‘नि’वरून काही जमत नाही, कारण तिथे पंचमच सापडत नाही. म्हणजे दहांपैकी सहा थाटांचे सूर त्या २१ कळांत लपलेले आहेत. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी मात्र कितीही फिरवलं तरी निघत नाहीत.

तरीही विरोधी बाजूचा मुद्दा उरतोच. ते तारा छेडण्याचं वाद्य आहे. सूर टिकत नाही, मींड नाही, आंदोलन नाही. दरबारी रागातला गंधार त्यावर कधीच हलणार नाही. थाटाचे सूर मिळणं वेगळं आणि राग गाणं वेगळं. मी त्या बाजूची आहे. पण त्या मुलाचा ‘नि रे ग’ ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता, हेही खरंच आहे.

यू-पेंग चेन गेल्यावर संगीत उतरलं का?

हा प्रश्न विचारणारा उत्तर आधीच ठरवून येतो. यू-पेंग चेन हे सुरुवातीच्या प्रदेशांच्या संगीताचे मुख्य संगीतकार. त्यांनी कंपनी सोडल्याचं सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर झालं. फॉन्टेन त्याआधी, १६ ऑगस्ट २०२३ ला आलं होतं. एवढ्या मोठ्या प्रदेशाचं संगीत चार दिवसांत होत नसतं. त्यामुळे "ते गेले आणि लगेच दर्जा पडला" हे तारखांवरच टिकत नाही. शिवाय या संगीतावर होयो-मिक्स या चमूचं नाव असतं आणि अल्बमच्या श्रेयनामावलीत वेगवेगळ्या तुकड्यांचे वेगवेगळे संगीतकार दिलेले असतात. आधी ती नामावली वाचा. "ही त्यांचीच, दुसऱ्या कुणाला जमणारच नाही" असं ज्या चालीबद्दल छातीठोकपणे म्हटलं जातं, तिच्यासमोर कधी कधी दुसरंच नाव असतं. त्या दुसऱ्या माणसाच्या मेहनतीवर तो अन्याय आहे.

फॉन्टेनमधल्या कित्येक चाली वॉल्ट्झच्या, म्हणजे तीन मात्रांच्या ठेक्यात आहेत. ज्यांचा कान तिथे लागत नाही त्यांना मी म्हणते, दादरा समजून ऐका, पाय आपोआप हलेल. काहींना तरीही आवडत नाही. न आवडण्याचा हक्क त्यांना आहे.

मला आवाजच नीट ऐकू येत नाही, मग मी मत द्यावं का?

हा प्रश्न एकीने लाजत विचारला होता. मला वाटतं निम्मी भांडणं इथेच जन्म घेतात. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या आसपास जातो. दुपारी खोलीत कूलर धडधडत असतो, फोन तापलेला असतो आणि तो कूलरच्या झोतासमोर उशीला टेकवून आपण खेळतो. त्या गोंगाटात सतारीचं टोक तेवढं वर येतं. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून डग्ग्याचा घुमारा येतच नाही, चेलोंचा खालचा पट्टा नाहीसा होतो. मग माणूस म्हणतो, "पोकळ वाटतं." त्याने खोटं सांगितलेलं नसतं. त्याच्यापर्यंत निम्मंच पोचलेलं असतं.

एका बैठकीत आम्ही तोच तुकडा आधी फोनवर, मग साध्या वायरच्या हेडफोनवर लावला. "पोकळ" म्हणणाऱ्याने दोनदा पुन्हा लावायला सांगितला. सेटिंगमध्ये संगीत, पात्रांचे आवाज आणि इतर आवाज वेगवेगळे कमी-जास्त करता येतात. लढाईतले धमाके थोडे उतरवून बघा. मत अवश्य द्या, फक्त कशावर ऐकलंत ते सांगा.

पात्रांच्या रंगावर टीका करणारे लोक तेच संगीत कौतुकाने कसे ऐकतात? हे दुटप्पी नाही का?

नाही. हे मी ठामपणे लिहिते.

२०२२ मध्ये सुमेरूची पात्रं दिसली तेव्हा जगभरच्या खेळाडूंनी विचारलं, की प्रदेश दक्षिण आशिया, इराण, उत्तर आफ्रिकेवर बेतलेला आणि माणसं एवढी गोरी कशी? २०२४ च्या जुलैमध्ये नाटलानची पात्रं जाहीर झाली तेव्हा तोच प्रश्न आणखी मोठ्याने आला. या वेळी इंग्रजी आवाज देणाऱ्या काही कलाकारांनीही जाहीरपणे नाराजी मांडली. आमच्या बैठकीत त्यावर दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, "गेम आहे, कल्पना आहे, रंग कशाला बघता?" दुसऱ्या बाजूला एक मुलगा होता, सावळा. तो म्हणाला, "माझी बासरी घेतली, माझे शब्द घेतले, माझा रंगच तेवढा नको होता." त्यावर कुणी काही बोललं नाही.

तोच मुलगा सुमेरूची रात्रीची धून आमच्यात सगळ्यात जास्त ऐकतो. त्यात विसंगती कुठे आहे? त्याला ते संगीत आवडतं म्हणूनच त्याला ती गोष्ट टोचते. ज्याचं आपल्याला काही वाटत नाही, त्यावर आपण रविवार घालवत नाही. वादकाने मन लावून वाजवलेली बासरी एका चित्रकार-विभागाच्या निर्णयाने बेसूर होत नाही. तसंच बासरी सुरेल आहे म्हणून तो निर्णय बरोबर ठरत नाही. दोन्ही वाक्यं एकाच तोंडाने म्हणता येतात, म्हणावीत.

मला गेम आवडतो. मग कंपनीची बाजू घ्यायला नको का?

कशासाठी? तिच्याकडे त्यासाठी पगारी माणसं आहेत.

रागाच्या भरात सगळ्यांनी मिळून अ‍ॅप स्टोअरवर गेमला एकच तारा (सगळ्यात कमी गुण) द्यावा का?

सप्टेंबर २०२१ मध्ये, पहिल्या वर्षपूर्तीला मिळालेली बक्षिसं फारच तुटपुंजी वाटली म्हणून खेळाडूंनी हे केलं होतं. रागाचा लोट एवढा होता की काहीच संबंध नसलेल्या दुसऱ्या अ‍ॅप्सनाही एक-एक तारा पडला. पुढे कंपनीने चार दिवस रोज ४०० प्रिमोजेम, म्हणजे गेममधलं चलनी रत्न, दिले. काही जण म्हणतात, बघा, उपयोग झाला. झालाही असेल. पण संगीताच्या बाबतीत एका ताऱ्याने काय सांगता येतं? बासरी आवडली नाही, की ढोल जास्त झाले, की चाल फार लवकर पुन्हा येते, यातलं काहीच त्यात नसतं. त्यापेक्षा चार ओळी लिहा. कुठल्या जागी, किती वेळाने, काय खटकलं ते सांगा. गेममधून कंपनीला अभिप्राय पाठवायची सोय आहे.

"तुले काय समजते बे संगीतातलं?" असं कुणी म्हणालं तर?

हे वाक्य आमच्याकडे आता चालत नाही. त्याचं कारण मी आहे. दीड वर्षापूर्वी एका नव्या मुलाने सुमेरूतल्या एका तुकड्याला "कंटाळवाणं" म्हटलं. मी माझ्या मध्यमाच्या तोऱ्यात त्याला सगळ्यांसमोर जवळपास हेच ऐकवलं. तो काही बोलला नाही. पुढच्या रविवारी आला नाही, त्यानंतरच्याही नाही. मी त्याच्या घरी गेले, माफी मागितली. तेव्हा कळलं की तो सात वर्षांपासून गणपतीत संदल, म्हणजे मिरवणुकीतल्या वाद्यांचा ताफा, वाजवतो. त्याला तो तुकडा कंटाळवाणा वाटला, कारण ठेका सोळा-सोळा मात्रांनी तसाच फिरत होता, एकदाही तुटत नव्हता. मी परत जाऊन ऐकलं. त्याचं बरोबर होतं. आलापात अडकलेल्या माझ्या कानांना ते कधी ऐकूच आलं नव्हतं. तो आता येतो, पण माझ्याशी अजून जरा जपूनच बोलतो.

माझा मुलगा बारावीत आहे. गेमच्या गाण्यावरून त्याने जिवलग मित्राशी बोलणं तोडलंय. हे काय खूळ आहे?

काकू, खूळ म्हणू नका. एवढंच विचारा की मित्र नेमकं काय म्हणाला. शब्द न् शब्द विचारा. बहुतेक वेळा संगीताबद्दलचं वाक्य एक असतं आणि त्याच्या मागे "तू तर तसाच आहेस" असं दुसरं एक वाक्य असतं. भांडण त्या दुसऱ्याचं असतं. जमलं तर एकदा त्याच्याबरोबर बसून ती धून पूर्ण ऐका, मध्ये न बोलता. आणि दोघांनाही रविवारी पाठवा.

गेम न खेळता नुसतं संगीत ऐकून मत देता येईल का?

येईल, पण थोडं अर्धं राहील. या गेमचं संगीत जागेला बांधलेलं आहे. शत्रू समोर आला की लढाईचं संगीत चढतं, तो पडला की उतरतं आणि शांतता परत येते. ती परत येण्याची जागा अल्बममध्ये नाही. डोंगर चढून वर पोचल्यावर जी धून सुरू होते तिचा अर्थ त्या चढण्यात आहे. उलट अल्बम ऐकणाऱ्याला बारकावे जास्त दिसतात, कारण त्याचे हात मोकळे असतात. आमचे दोन्ही शिक्षक खेळत नाहीत, आणि वाद्यांबद्दल त्यांचाच शब्द आम्ही शेवटचा मानतो.

वाद फारच पेटला तर तुम्ही काय करता?

बोलणं थांबवतो आणि ऐकवायला सांगतो. ज्याचा आक्षेप आहे त्याने तुकडा लावायचा, नेमक्या जागी थांबवायचा आणि बोट ठेवायचं. "सगळंच बेकार" असं म्हणणाऱ्याला बोट ठेवायला जागा सापडत नाही, आणि ज्याला जागा सापडते त्याच्याशी मग निवांत बोलता येतं. मध्ये चहा होतो. तरी नाही मिटलं तर नाही मिटलं. पुढच्या महिन्यात पुन्हा. लायर आणि दरबारीचं भांडण गेली दोन वर्षं चालू आहे.

मला यायचंय. येताना काय आणू?

वायरचे हेडफोन आणा, ब्लूटूथचे नकोत, त्यात लायर वाजवताना सूर उशिरा येतो. न आवडलेला एक तुकडा निवडून आणा, किती मिनिटं-सेकंदांवर खटकतं ते लिहून. आवडलेलाही एक आणा. पोहे नऊ वाजता, त्यानंतर तर्री उरत नाही.